शंटिंगमामांचा खुलासा

एक्स-रेच्या दाराशी एक स्टूल होतं. लोखंडी, गोल, रंग उडालेलं. एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. त्या स्टुलावर बसणाऱ्याचं काम एवढंच, की आतली घंटी वाजली की पुढचा नंबर पुकारायचा आणि कुणी मध्येच घुसलं तर डोळे वटारायचे. बाकी दिवसभर बसायचं. आमच्या रुग्णालयात चारशेच्या आसपास माणसं कामाला होती आणि त्यातली निम्मी तरी त्या स्टुलावर डोळा ठेवून होती. मोठ्या साहेबांच्या फिरत्या खुर्चीचा एवढा हेवा कुणी केला नसेल.

स्टुलावरचा म्हातारा महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. त्याच्यामागे ते कुणाला मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. ज्याला मिळणार होतं त्याची ही हकिगत.

त्याला सगळे शंटिंगमामा म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारा मुकादमसुद्धा 'शंटिंग' असाच पुकारा करायचा आणि तोही मुकाट्याने 'हजर' म्हणायचा. काम ट्रॉली ओढण्याचं. आडव्या माणसाला वरून खाली न्यायचं, खालून वर आणायचं. अठ्ठावीस वर्षं हेच. वय छप्पन्न, दिसायला पासष्ट, आणि गुडघे विचाराल तर ऐंशीच्या पुढचे. चालताना असा झोके खात चालायचा की नव्या डॉक्टरांना वाटायचं, हा पेशंटच आहे आणि ट्रॉलीच्या आधाराने फिरायला निघालाय.

मी बसायचो केसपेपरच्या खिडकीत. माझ्या खिडकीतून खालचा लांब व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायचा. कुठल्या सिस्टरचं कुणाशी वाजलंय, कुठला डॉक्टर दुसऱ्याच्या डब्यावर ताव मारतोय, कुणाची बायको रागावून माहेरी गेलीय, हे मला केसपेपरच्या आधी कळायचं. तेव्हा जे सांगतोय त्यात ऐकीव फार थोडं आहे, आणि जे ऐकीव आहे ते मी दोन-तीन ठिकाणी पडताळून घेतलंय. चहाडीलासुद्धा शिस्त लागते.

आता शंटिंग हे नाव कसं पडलं ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

आमची इमारत जुनी. वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर, एक्स-रे खाली. लिफ्ट होती, पण अख्ख्या इमारतीत सगळ्यात जास्त रजा तिच्याच नावावर. त्यामुळे ट्रॉल्यांची ये-जा उतारावरून, म्हणजे त्या लांबलचक रॅम्पवरून. उतारावर पेशंटचं डोकं वरच्या बाजूला ठेवावं लागतं, नाहीतर बिचाऱ्याचं सगळं रक्त डोक्यात. म्हणजे खाली येताना पाय पुढे आणि डोकं मागे. ट्रॉलीवाला डोक्याच्या बाजूला उभा राहून, मागे रेलून, गुडघ्यांवर सगळा भार घेत गाडी आवरत आवरत उतरतो.

रॅम्प संपला की चौकोनी मोकळी जागा, आणि तिथून पुढे लांब व्हरांडा. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर नातेवाईक, पिशव्या, थर्मास. व्हरांड्यातून उजवीकडे वळलं की एक्स-रे. सरळ शेवटपर्यंत गेलं की एक हिरवं दार, आणि त्यामागे जी खोली होती तिला आम्ही नुसतं 'मागची खोली' म्हणायचो. तिथे जाणारा माणूस परत चालत येत नसे. मागच्या खोलीत न्यायचं माणूस पाय पुढे करून नेतात, हे सगळ्यांनाच ठाऊक.

म्हणून शंटिंगमामा त्या चौकोनी जागेत गाडी थांबवायचा आणि पूर्ण फिरवायचा. डोकं पुढे, पाय मागे. यार्डात रेल्वेचं इंजिन फिरवतात तसं, म्हणून 'शंटिंग'. ट्रॉलीचं एक चाक कायम अडकलेलं, म्हणून कोपरा उचलून फिरवावा लागे. अर्धं-पाऊण मिनिट जायचं, गुडघा करकरायचा, मागून येणारा ट्रॉलीवाला शिव्या घालायचा. मग हा पायांच्या बाजूला उभा राहून गाडी ढकलत व्हरांड्यात शिरायचा. त्याच्या आधीच्या एका ट्रॉलीवाल्याने त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. तो गेला, त्याच्या वेळचे इतरही गेले, आणि शेवटी ही पद्धत पाळणारा हा एकटा उरला. नवी मंडळी सरळ आणायची, पण निदान पेशंटला उशीवर उठवून बसतं करून तरी आणायची. ज्याला बसताच येत नाही असा पेशंट हटकून मामाच्या वाट्याला.

"शंटिंग, अरे कशाला एवढी कसरत?" मी एकदा विचारलं होतं.

"लोक बसलेले असतात ना भाऊसाहेब बाकावर," तो म्हणाला. आणि गेला. बोलण्यात भारीच काटकसरी माणूस.

तर स्टूल. ते याला मिळावं म्हणून मुकादमाने स्वतःहून नाव सुचवलं होतं. मुकादम तसा खडूस, पण याच्या गुडघ्यांचा आवाज त्याच्या टेबलापर्यंत जायचा, त्याला तरी किती ऐकवणार? डॉक्टरांनीही लिहून दिलं होतं की आणखी वर्षभर उतारावर गाडी आवरली तर हा स्वतःच गाडीवर येईल. गुरुवारी मोठ्या साहेबांची सही व्हायची होती. मामाच्या बायकोने तर जुन्या पँटच्या कापडाची गोल गादीसुद्धा शिवून ठेवली होती. ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दीडशे मुलींचं जेवण रांधायची आणि तेवढंच बोलायची. शेजारपाजारी सगळ्यांना सांगून झालं होतं, की आमचे हे आता बसून काम करणार.

आणि त्या आधीच्या शनिवारी घोळ झाला.

शनिवारी लिफ्ट बंद. ट्रॉलीवाले चार, त्यातले दोन गैरहजर, तिसऱ्याला थिएटरवाल्यांनी अडकवून ठेवलेला. सकाळी सातपासून हा एकटा वर-खाली करत होता. बाराच्या सुमाराला वरच्या वॉर्डातून एका आजींना खाली न्यायचा निरोप आला. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, सांधा नीट बसलाय का ते बघायला एक्स-रे. आजींना थंडी वाजत होती म्हणून सिस्टरने चादर हनुवटीपर्यंत ओढली, वरून कानांवर गुंडाळली. आजींनी डोळे मिटलेले. अशी ती गाडी उतार उतरली.

चौकोनी जागेत येऊन तो थांबला. हे मी पाहिलं. दोन श्वास जातील एवढा वेळ थांबला. कोपऱ्याला हातही लावला. मग हात काढून घेतला आणि तशीच सरळ गाडी व्हरांड्यात घातली. पाय पुढे.

आता यात माझाही थोडा हात आहे, तो सांगूनच टाकतो. अठ्ठावीस वर्षांत या माणसाने जी गाडी पाय पुढे करून आणली ती मागच्या खोलीतच गेली होती. माझ्या डोळ्यांना तेवढीच खूण ठाऊक. गेलेलं माणूस खिडकीसमोरून नेताना मी पेन खाली ठेवून उभा राहायचो, जुनी सवय. तसा मी उभा राहिलो. डोकंही जरा खाली घातलं.

आजींचा मोठा मुलगा माझ्या खिडकीच्या समोरच्याच बाकावर होता. चांगला पन्नाशीचा, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, अंगाने दार अडेल असा. त्याने गाडी बघितली, मला उभा राहिलेला बघितला, आणि असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "आई गंऽऽ!" म्हणून तो गाडीवर पडला. त्याच्यामागून मुलगी. मग दोन सुना. धाकटा मुलगा जरा व्यवहारी, तो रडत रडतच फोन लावायला बाहेर पळाला आणि तीन मिनिटांत सगळ्या गोतावळ्याला बातमी पोहोचवून मोकळा झाला. आमचा मामा गाडीच्या मागे उभा, दोन्ही हात वर केलेले, आणि "अहो, अहो, अहो" याखेरीज त्याच्या तोंडातून शब्द निघेना.

आजींनी डोळे उघडले. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोण गेलं रे?"

मुलगा किंचाळून मागच्या बाकावर आदळला. बाकाचा पाय त्या दिवशी वाकला तो मी निवृत्त होईपर्यंत वाकलेलाच होता.

हसू यायला हवं, नाही? आम्हालाही आलं, खोटं कशाला बोलू. थर्मासचं झाकण तोंडाशी धरून मी पोटभर हसलो. पण तासाभराने दोन भाड्याच्या गाड्या भरून माणसं येऊन उतरली. बावीस जण. उतरलेले चेहरे, हातात फुलं. त्यातली एक म्हातारी, आजींची सख्खी बहीण, दारातच चक्कर येऊन पडली, तिचा केसपेपर मलाच काढावा लागला. बावीस माणसांना समजावून सांगायचं, चहा पाजायचा, परत पाठवायचं. मोठ्या मुलाचं दुःख सरलं तसा त्याचा पारा चढला. चारचौघांत झालेली फजिती माणूस विसरत नाही. संध्याकाळच्या आत त्याचा दोन पानी तक्रार अर्ज माझ्याच खिडकीत आला आणि मीच त्यावर आवक नंबर टाकला. अर्जात ट्रॉलीवाला होता, रुग्णालय होतं, माणुसकी होती. खिडकीत उभा राहिलेला कारकून नव्हता. तेवढं सुटलं होतं.

अर्ज आला म्हणजे खुलासा द्यावा लागतो. ज्याच्यावर तक्रार त्याने झाल्या प्रकाराचा लेखी जबाब द्यायचा, याला आमच्याकडे खुलासा म्हणतात. खुलासा पटण्यासारखा असला तर प्रकरण बंद. नाहीतर शेरा. शेरेवाल्याला हलकं काम द्यायचं नाही, हा नियम मात्र लेखी होता.

खुलासे लिहिण्यात माझा हात कुणी धरला नसता. उशिरा येणाऱ्यांचे, औषधं सांडणाऱ्यांचे, साहेबांना उलट बोलणाऱ्यांचे, सगळ्यांचे मीच लिहून द्यायचो. सोमवारी सकाळी मामाला खिडकीशी बोलावला आणि तयार कागद पुढे सरकवला.

"सही कर."

"वाचून दाखवा भाऊसाहेब. चष्मा घरी राहिला."

मी वाचलं. "रुग्णास ट्रॉलीवरून कोणत्या दिशेने न्यावे याबाबत रुग्णालयाचा कोणताही लेखी नियम अस्तित्वात नाही. इतर कर्मचारीही रुग्णास याच प्रकारे नेत असतात. सबब माझ्याकडून कोणतीही चूक घडलेली नाही."

तो ऐकत राहिला. म्हणाला, "खरंय सगळं."

"खरं नसतं तरी लिहिलं असतं. हे तर खरंच आहे, मग काय, दुधात साखर. कर सही, गुरुवारी साहेब तुझ्या स्टुलावर सही करतील."

त्याने पेन घेतलं. पेनाकडे बघत राहिला.

"हा कागद कुठे जातो?"

"फायलीला."

"राहतो तिथे?"

"मी मेल्यावरसुद्धा राहील. का?"

"नाही, म्हणजे... दिशेचं काही नाही, असं यात लिहिलंय."

"अरे, त्याच वाक्यावर तर कागद उभा आहे! ते काढलं तर राहिलं काय?"

"उद्यापर्यंत ठेवतो," तो म्हणाला आणि घडी करून खिशात घातला. मला असा राग आला म्हणून सांगू! वीस मिनिटं खपून लिहिला होता. शिवाय तो राग सगळा त्याच्यावर नव्हता, पण स्वतःवरचा राग माणूस सहसा समोरच्याच्या अंगावर घालतो.

मंगळवारी बायकोने त्याला काय सुनावलं ते त्याच्याच तोंडून कळलं. "ती म्हणते, वळवली काय न् नाही वळवली काय, सरकार काय पदक देणार होतं? म्हणते, अठ्ठावीस वर्षं तुम्ही गाड्या फिरवल्या, आता जरा डोकं फिरवा आणि सही करा."

"बरोबर बोलतात वहिनी."

"हो. बरोबरच बोलते." आणि सही न करता गेला.

बुधवारी आजींना घरी सोडायचं होतं. जाताना एका फॉर्मवर पेशंटची सही लागते. एरवी मी तो फॉर्म नातेवाईकांच्या हाती वर पाठवायचो. त्या दिवशी स्वतः घेऊन गेलो. फॉर्म हे निमित्त, खरं कारण वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. मी वॉर्डात पोहोचलो तेव्हा आजी मोठ्या मुलाशी भांडत होत्या.

"मला न्यायला तोच पाहिजे. शनिवारवाला."

"आई, त्या माणसाचं नावसुद्धा काढू नकोस."

"का? मेले मी, का तू? जा, बोलाव त्याला."

मुलगा गेला, धुसफुसत. मामा आला. गाडी पलंगाला लावली आणि खाली मान घालून उभा राहिला.

"तूच का रे तो?"

"होय आजी. चुकलं माझं."

"चुकलं ते एका परीनं बरं झालं." आजींनी माझ्याकडे एकवार बघितलं, हा कोण म्हणून, आणि मी फॉर्म दाखवताच मला धरलंच नाही हिशेबात. "आपल्यामागे कोण किती रडतं ते ऐकायला मिळतं का कुणाला? मला मिळालं. मोठा लहानपणीही असाच भोकाड पसरायचा, त्यात काही नवीन नाही. पोरगी खरी रडली. थोरली सूनसुद्धा रडली, हे मात्र मला वाटलं नव्हतं. आणि धाकटी काय म्हणाली माहितीय? कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत म्हणाली. तेव्हा मी डोळे उघडले. नाहीतर आणखी थोडा वेळ ऐकणार होते."

मामा हसला. अठ्ठावीस वर्षांत मी त्याला दोनदा हसताना पाहिलं, त्यातली ही एक वेळ.

"पण एक सांग बाबा," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. "आधी मला ऑपरेशनला नेलंस, एकदा खाली तपासायला नेलंस, तेव्हा तुझं तोंड माझ्याकडे होतं. दिसत होतास. काही बोलत नव्हतास, पण दिसत होतास. त्या दिवशी नुसतं छत. दिवे सरकतायत न् सरकतायत. मला कळेना, मागे माणूस आहे का गाडी आपली आपणच चाललीय. घाबरले होते रे मी. म्हणून डोळे मिटून घेतले."

मामा पुढे झाला. आजींना दोन्ही हातांनी अलगद गाडीवर घेतलं, चादर सारखी केली. मोठा मुलगा दारात येऊन उभा होता, त्याने हे ऐकलं की नाही कोण जाणे. खाली गेल्यावर आजींनी त्याला माझ्या खिडकीशी उभं करून तक्रार मागे घ्यायला लावली. तो बिचारा आईच्या धाकाने तयारही झाला. पण आवक नंबर पडलेला अर्ज मागे घेता येत नाही, त्याचा निकालच लावावा लागतो. मीच त्याला हे सांगितलं. म्हणजे बघा, नियम पाठ असण्याचे किती उपयोग.

"मग त्याचा जबाब कधी जाणार?" मुलाने विचारलं.

"उद्या," मी म्हणालो. "काळजी करू नका. चांगला जबाब आहे. मी लिहिलाय."

गुरुवारी साडेनऊला मामा खिडकीशी आला आणि एक कागद आत सरकवला. माझा नव्हता. वहीतून फाडलेलं पान, ठळक बोटाएवढी अक्षरं, ओळी उताराला लागलेल्या.

"गाडी वळवून न्यायची असते. मी वळवली नाही. दमलो होतो. चूक माझी आहे."

खाली सही.

मी वर बघितलं. "हे काय आहे?"

"खुलासा."

"हा खुलासा? अरे वेड्या, ही तर कबुली झाली! याच्यावर शेरा मारायला साहेबांना चष्मासुद्धा लावावा लागणार नाही. माझा कागद कुठाय?"

"घरी आहे. चांगला होता तुमचा कागद."

"मग?"

"तो फायलीत गेला असता तर..." त्याने खिडकीच्या कठड्यावर हात टेकले, सगळा भार हातांवर घेतला. "मग मी तिथे थांबून कोपरा उचलायचो ते कशाला भाऊसाहेब? वेडा होतो म्हणून? तसं लिहून देऊ?"

मी शेवटचा उपाय म्हणून म्हणालो, "स्टूल जाईल."

"जाईल," तो म्हणाला. जणू बस चुकली म्हणून सांगत होता.

मुकादमाने कागद वाचला आणि डोक्यावर हात मारला. त्याने खरोखर प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. साहेबांच्या खोलीत पंधरा मिनिटं होता. बाहेर आला तो तणतणतच. "चूक झाली असं स्वतःच्या हाताने लिहून देणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडाने स्टूल मागू? साहेब म्हणतात, हा माणूस प्रामाणिक आहे. बरं, मग? म्हणे, म्हणून शेरा सौम्य मारतो." सौम्य का असेना, शेरा तो शेराच. स्टूल धुलाईखात्यातल्या बाईंना मिळालं. त्या पाठीला रुंद पट्टा बांधून यायच्या, ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून त्यांचे दोन मणके सरकले होते. तेव्हा अन्याय झाला असंही म्हणता येईना. आमच्याकडे स्टूल एक आणि मोडलेली माणसं फार, असा हिशेब होता. बाई पहिल्या दिवशी स्टुलावर बसल्या आणि रडल्या.

तो दिवस शनिवारचा. अकराच्या सुमाराला मामाची बायको खिडकीशी आली. वसतिगृहातून तशीच आली असावी, कपाळावर घाम, हाताला कांद्याचा वास. रांगेत चौघे होते, त्यांना बाजूला सारून तिने खिडकीत तोंड घातलं.

"भाऊसाहेब, तुम्ही कशाला बसला होतात इथे? तुम्हाला सही घेता आली नाही?"

"वहिनी, मी लिहून दिला होता."

"तुमचा कागद बघितला मी. डब्याखाली ठेवलाय. चांगला लिहिलात. मग सही का घेतली नाहीत? धरून घ्यायची! माझ्यापुढे नाही चालत यांची हट्टीगिरी, तुमच्यापुढे बरी चालते. आता शेजारणींना काय सांगू? गादी शिवली मी, गादी! आता ती काय डोक्यावर घालून फिरू?"

रांगेतला एक जण हसला. तिने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो केसपेपर न काढताच बरा होऊन गेला.

"काय लिहून दिलं त्यांनी?" तिने विचारलं. "मला सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, दिलं लिहून. दाखवा मला."

फाईल बाहेरच्यांना दाखवता येत नाही. हाही नियम मला पाठ होता. मी कपाट उघडलं, फाईल काढली, ते पान काढून तिच्या हातात दिलं.

तिने वाचलं. चार वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? पण ती बराच वेळ धरून उभी होती. मला वाटलं, आता फाडते की काय. मी हात पुढे करून तयार.

"हे तिसरं कुणी लिहायला सांगितलं?"

"कुठलं?"

तिने बोट ठेवलं. "हे. दमलो होतो."

"कुणी नाही. त्यांनीच लिहिलं."

"त्यांनीच?"

"हो."

ती पुन्हा वाचायला लागली. मग कागद माझ्याकडे परत दिला, नीट, दुमडू न देता.

"तीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. आवाज पार उतरला होता, मघाचा राहिलाच नव्हता. "रोज विचारते. आल्या आल्या विचारते, दमलात का. एकदा हो म्हणाले नाहीत. आणि हे कागदावर लिहून देतात. साहेबाला."

मी कागद फायलीत लावला. फाईल बांधताना, त्याच फायलीत आणखी एक कागद असायला हवा होता हे मला कळत होतं, मी उभा राहिलो होतो असं लिहिलेला. तो मी त्या दिवशीही लिहिला नाही, आणि पुढेही नाही. म्हणून आता इतक्या उशिरा इथे लिहितोय, जिथे शेरा मारणारं कुणी नाही.

"त्यांची पाळी कधी संपते आज?" तिने विचारलं.

"दोनला."

"तुम्हाला कामावर परत जायचं नाही का?" मीच पुढे विचारलं, कारण दीडशे मुली जेवायच्या होत्या.

"जेवतील उशिरा," ती म्हणाली.

ती बाकांच्या रांगेत जाऊन बसली. दुपारी दोनपर्यंत तिथेच होती, पिशवी मांडीवर घेऊन, कुणाशी एक शब्द न बोलता. मामा त्या दिवशी तिच्यासमोरून सहा वेळा गेला. पहिल्या खेपेला थबकला, घाबरला, घरी काही झालं का असं हातानेच विचारलं. तिने मान हलवली आणि हातानेच सांगितलं, तुमचं चालू द्या. मग दर खेपेला तो तिच्याकडे बघायचा आणि ती त्याच्या पायांकडे.

दोनला तो हात धुऊन आला. ती उठली, त्याच्या हातातली डब्याची पिशवी स्वतःकडे घेतली. दोघं फाटकाकडे निघाली. माझ्या खिडकीतून फाटक दिसायचं. ते अंतर तिला एरवी मिनिटभराचं, भरभर चालणारी बाई. त्या दिवशी ती त्याच्या चालीने चालली. फाटकापर्यंत पोहोचायला त्यांना बराच वेळ लागला.